काचेच्या खोलीतला शेजार

गेल्या महिन्यात शाळा सुटता सुटता माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. पंधरा वर्षांपूर्वी दहावीला माझ्याकडे मराठी शिकला, आता चांगल्या नोकरीत आहे, आणि आमच्या नायगावातच दोन गल्ल्या पलीकडे त्याने नवं घर घेतलं आहे. म्हणाला, "सर, हॉलमध्ये समुद्राच्या माशांची टाकी लावतोय. तीन फुटी. कोरलवाली. माशांची यादी पाठवलीये, एकदा नजर टाका ना."

यादी उघडली. दोन नेमो, एक डोरी, एक पिवळा टँग, तीन निळे डॅम्सेल, एक मँडरिन, एक बटरफ्लाय, एक क्लीनर रॅस आणि एक छोटा लायनफिश. एकूण अकरा. जणू क्रिकेटची टीमच निवडली होती.

सवयीने हातात लाल पेन घेतलं आणि एकेक नाव खोडत गेलो. शेवटी दोन उरली. दोन्ही नेमोच. फोटो काढून परत पाठवला. पाच मिनिटांत पुन्हा फोन. आवाज जरा नाराज होता. "सर, दुकानदार तर म्हणाला सगळे चालतील."

हे "चालेल" आपल्याकडे फार चालतं. भाड्याची खोली दाखवताना, स्थळ सुचवताना, वर्गात चौथा विद्यार्थी तिघांच्या बाकावर बसवताना आपण "चालेल" म्हणतो, आणि पुढे जे होतं ते ज्याला निभवायचं आहे तो निभवतो. माशांच्या बाबतीत तर निभवणारा बोलूही शकत नाही. म्हणून हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं: घरात समुद्राची टाकी लावायची असेल तर "कोणता मासा आवडतो" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, "हा कोणासोबत, किती जागेत आणि काय खाऊन जगणार?" या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर तो मासा कितीही सुंदर असो, तो आपला नाही.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो? अधिकार एकच, माझ्या हातून मासे मेले आहेत.

२०१६ साली मी पहिली समुद्री टाकी लावली. त्याआधी बरीच वर्षं गोड्या पाण्याचे मासे होते, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा समज. अम्मीचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं: "एवढ्या पैशात पापलेट आलं असतं, निदान पोटात तरी गेलं असतं." मी हसण्यावारी नेलं. एका दुकानातून चार डॅम्सेल आणले. स्वस्त, चपळ, निळेशार. दुकानदार म्हणाला, हे दणकट असतात, नव्या पाण्यात यांनाच आधी सोडतात. तेही खरंच होतं. ते जगले. दोन महिन्यांनी मी त्यांच्यात एक मँडरिन सोडला.

मँडरिन ज्यांनी पाहिला नसेल त्यांना कसा सांगू? निळ्या मखमलीवर कुणीतरी नारिंगी रंगाची नक्षी काढावी तसा तो दिसतो. चालतोही असा, की दगडादगडावरून फुलपाखरू सरकतंय. माझी धाकटी मुलगी तासन् तास त्याच्यासमोर बसायची. मी रोज दोन वेळा खाणं टाकायचो, डॅम्सेल झडप घालून संपवायचे. मँडरिन मात्र दगडांवर टिपत फिरायचा. मला वाटलं, चरतोय, म्हणजे खातोय. महिन्याभरात त्याचं पोट आत गेलं, डोक्यामागची पाठ धारदार दिसू लागली. एका सकाळी तो दगडाच्या फटीत निपचित सापडला.

नंतर वाचलं तेव्हा कळलं. मँडरिन दगडांवर राहणारे कोपेपॉड नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव दिवसभर वेचत असतो. आपण टाकलेलं खाणं तो बहुधा ओळखतच नाही. हे जीव पुरेसे वाढायला मोठी आणि जुनी टाकी लागते, भरपूर जिवंत दगड लागतो, आणि तेच खाणारा दुसरा मासा टाकीत नसावा लागतो. माझी टाकी दोन महिन्यांची होती. तो मासा माझ्या घरात रोज थोडा थोडा उपाशी मेला, आणि मी समोर खुर्ची टाकून त्याचं कौतुक करत बसलो होतो.

एका बाईने मांजर कोंडून ठेवली, खायला दिलं नाही आणि स्वतःचं अन्न शोधायला मोकळीही सोडली नाही, म्हणून ती शिक्षेस पात्र ठरली, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. मीही मुलांना सांगितली आहे. पाळण्याला आपल्याकडे मनाई नाही. लहानग्या अबू उमैरच्या पाखराची विचारपूस करणाऱ्या पैगंबरांची आठवण आपण प्रेमाने काढतो. अट एवढीच, की कोंडलेल्या जिवाचा हक कोंडणाऱ्यावर असतो. त्या सकाळी ती मांजर मला आठवली. दुकानदाराला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण विकणाऱ्याने "चालेल" म्हटलं तरी कोंडणारा मीच होतो.

आता विद्यार्थ्याच्या यादीकडे वळू. एकेक नाव का खोडलं ते सांगतो, म्हणजे तुमची यादी तुम्हाला स्वतः तपासता येईल.

पहिला प्रश्न जागेचा. दुकानात दिसणारे समुद्री मासे बहुतेक पोरवयातले असतात. डोरी म्हणजे निळा टँग. दुकानात तो बोटाएवढा असतो, पण पूर्ण वाढला की फूटभर होऊ शकतो. तीन फुटी टाकीत फूटभराचा मासा म्हणजे तीन अंगं पुढे गेलं की भिंत. त्यात टँग जातीचे मासे दिवसभर लांबच लांब पोहणारे आणि शेवाळ चरणारे. आपल्या हिंदी महासागरातला पावडर ब्लू टँग दिसायला तर डोरीपेक्षाही देखणा, पण तितकाच भांडखोर आणि आजाराला लगेच बळी पडणारा. दोन वेगवेगळे टँग अरुंद टाकीत एकत्र ठेवले तर शेपटीच्या बुडाशी असलेला वस्तऱ्यासारखा काटा ते एकमेकांवर चालवतात. म्हणून डोरी आणि पिवळा टँग दोघेही बाद. "मोठा झाला की देऊन टाकू" असं अनेकजण म्हणतात. कुणाला देणार? ज्याच्याकडे आठ फुटी टाकी आहे असा माणूस तुमच्या ओळखीत आहे का?

नायगावात राहणाऱ्याला जागेचं महत्त्व सांगायला नको. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या राहिल्या. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार म्हटल्यावर माणसं काय काय स्वप्नं पाहतात ते मी ऐकतो. स्वतंत्र स्वयंपाकघर, मुलांना अभ्यासाची जागा, आणि हो, भिंतीलगत फिशटँकसुद्धा. पण त्या खोल्यांतही माणसं गुण्यागोविंदाने राहिली, ती कशामुळे? व्हरांडा होता, जिना होता, रस्ता होता, भोईवाड्याचा नाका होता. डोकं तापलं की माणूस बाहेर पडू शकत होता. समुद्रातल्या माशालाही तेच असतं. हरलेला मासा दूर निघून जातो आणि भांडण मिटतं. टाकीत हरलेल्याला जायला व्हरांडा नाही. समुद्रात जे दोन मिनिटांचं हुसकावणं असतं, ते टाकीत आठ दिवसांचा छळ होतो. शेवटी हरलेला कोपऱ्यात वर पाण्याच्या पातळीशी थरथरत उभा राहतो, खाणं सोडतो, आणि आपण म्हणतो, "आजारी पडून मेला."

म्हणूनच तीन डॅम्सेल खोडले. डॅम्सेल वाईट नाहीत. ते आपापल्या दगडाचे मालक असतात एवढंच. लहानपणी घोळक्याने फिरतात, मोठे झाले की प्रत्येकाला आपला कोपरा हवा असतो, आणि जो आधी आला त्याला वाटतं सगळी टाकीच आपली. "दणकट म्हणून आधी सोडा" या सल्ल्याचा तोटा इथेच आहे. सगळ्यात भांडखोर माणसाला आधी घराचा ताबा द्यायचा आणि मग गरीब भाडेकरू आणायचे, असा तो प्रकार. माझ्या टाकीत चारांपैकी एक डॅम्सेल शेवटपर्यंत टिकला. बाकीचे तीन कसे गेले ते मी पाहिलं आहे. आणि मग त्या एकाला बाहेर काढायला अख्खी टाकी उपसावी लागली, कारण दगडांतून मासा जाळ्यात धरणं म्हणजे कोळ्याच्याही नाकी नऊ.

दुसरा प्रश्न खाण्याचा. मँडरिनचं सांगितलंच. क्लीनर रॅस दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपतो, म्हणून लोक त्याला डॉक्टर समजून आणतात. पण हेच त्याचं मुख्य अन्न. पाच-सहा माशांच्या टाकीत त्याला पुरेसे रोगी मिळत नाहीत, आणि बहुतेक क्लीनर रॅस उपाशी मरतात. त्यापेक्षा क्लीनर कोळंबी बरी, ती आपण टाकलेलं खाणंही खाते. बटरफ्लायच्या अनेक जाती तर प्रवाळाचेच मऊ जीव वेचून खातात. म्हणजे तुम्ही हौसेने कोरल लावणार आणि हे साहेब त्याचा नाश्ता करणार. मोठ्या एंजलफिशचंही साधारण तेच. छोट्या एंजलची गोष्ट नशिबाची, एखादा वर्षभर कोरलला तोंड लावत नाही, आणि एक दिवस चव लागते.

लायनफिश मजेशीर उदाहरण आहे. तो कोरलला हात लावत नाही, म्हणून दुकानात तो "रीफ सेफ" म्हणून विकता येतो. शब्द खोटा नाही. पण त्याच्या तोंडात मावेल तो प्रत्येक मासा आणि प्रत्येक कोळंबी त्याचं जेवण आहे, आणि ते तोंड दिसतं त्यापेक्षा बरंच मोठं उघडतं. शिवाय त्याच्या काट्यांना विष असतं. ज्या घरात पाच वर्षांची मुलगी टाकीत हात घालू शकते त्या घरात तो नकोच. "रीफ सेफ" म्हणजे प्रवाळासाठी सुरक्षित. शेजारच्या माशासाठी सुरक्षित असा त्याचा अर्थ कुठेही लिहिलेला नाही. मोठा मासा लहान माशाला खातो, याला आपल्याकडे मत्स्यन्याय म्हणतात, आणि राजाने तो होऊ द्यायचा नाही अशी अपेक्षा असते. टाकीपुरते राजे आपण आहोत.

तिसरा प्रश्न स्वभावाचा. इथे माझा शिक्षकी अनुभव थोडा कामी येतो. बी.एड.ला आम्हाला वैयक्तिक भिन्नता नावाचा धडा होता. परीक्षेपुरता पाठ केला, अर्थ वर्गात गेल्यावर कळला. वर्गात कुणाला कुणाशेजारी बसवायचं हे ठरवायला मला पहिला पंधरवडा लागतो. दोन गडबडे एका बाकावर नकोत हे कुणालाही कळतं. पण दोन अगदी सारखे हुशार, सारखे मानी मुलगेही एका बाकावर नकोत, हे उशिरा कळतं. माशांत हे फार ठळक दिसतं. मासा सगळ्यात जास्त चिडतो तो आपल्यासारख्याच आकाराच्या, आपल्यासारख्याच रंगाच्या आणि तेच अन्न खाणाऱ्या माशावर. तळाशी राहणाऱ्या गोबीचं वर पोहणाऱ्या कार्डिनलशी काहीच वाकडं नसतं, कारण दोघांना एकच गोष्ट नको असते. म्हणून टाकी भरताना मजले मोजा. एक तळमजल्याचा, एक दगडांतल्या भोकात राहणारा, एक मोकळ्या पाण्यातला.

यालाही अपवाद आहेत. सिक्स-लाइन रॅस नावाचा देखणा छोटा मासा अनेक यादींत "शांत" म्हणून दिसतो, आणि अनेक घरांत तो वर्षभराने दादागिरी करू लागतो. जातीचा स्वभाव सांगता येतो, त्या एका माशाचा सांगता येत नाही. म्हणून नवा मासा सोडल्यावर पहिला आठवडा टाकीसमोर बसून पाहायला हवं, आणि जमलं नाही तर त्याला वेगळं ठेवायला एक छोटी टाकी तयार हवी.

नेमोंची दोन नावं मी का ठेवली तेही सांगतो. साधा केशरी-पांढरा ऑसेलॅरिस क्लाउनफिश लहान राहतो, तयार खाणं आवडीने खातो, त्याला फार पोहायला लागत नाही, आणि लोकांचा समज काहीही असो, त्याला समुद्रफूल लागतंच असं नाही. २००३ च्या त्या सिनेमाने याला घराघरांत नेलं. पण सिनेमाने एक गोष्ट सांगितली नाही. क्लाउनफिशच्या कुटुंबात सगळ्यात मोठा मासा मादी असतो, दुसऱ्या क्रमांकाचा नर, आणि बाकीचे लहानगे. मादी गेली तर नरच पुढे मादी होतो. म्हणजे नेमोचे अब्बा खऱ्या समुद्रात त्याची अम्मी झाले असते! याचा व्यवहारातला अर्थ असा: एक थोडा मोठा आणि एक लहान असे दोन पिल्लू-क्लाउन एकत्र आणले तर त्यांची जोडी बहुधा जमते. तिसरा आणला की तो जोडीला नकोसा होतो. आणि दोन वेगळ्या जातींचे क्लाउन एका टाकीत तर नकोच. गडद लाल मरून क्लाउन दिसायला राजेशाही, पण त्या टाकीत मग राज्यही त्याचंच.

क्लाउनफिशच्या बाजूने आणखी एक मोठी गोष्ट आहे. तो टाकीत जन्म घेऊ शकतो. समुद्रातून पकडून आणलेल्या माशामागे बोटीत, पिशवीत, गोदामात मेलेले किती असतात ते आपल्याला दिसत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात क्लाउनफिशची पैदास जमवली. आपल्या जवळ ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रातही क्लाउनफिश वाढवले जातात, आणि ते काम किनाऱ्यावरच्या बायकांना रोजगार म्हणून मिळावं असा प्रयत्न आहे. टाकीत जन्मलेला मासा टाकीचं खाणं ओळखतो आणि माणसाला घाबरत नाही. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच असावा: समुद्रातून आणलाय की हॅचरीतला?

आणि दुसरा प्रश्न कोरलचा. आपल्याला वाटतं प्रवाळ म्हणजे लक्षद्वीप, अंदमान. पण महाराष्ट्रात मालवणला आहे, जिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि मुंबईतही आहे. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाताना ओहोटीला दोन्ही बाजूंचे खडक उघडे पडतात. आपण गर्दीत दुवा पुटपुटत पुढे जातो. त्या खडकांच्या डबक्यांत प्रवाळाचे जीव राहतात हे मला चाळिशीत कळलं. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावरची प्रवाळं उचलून कुलाब्याकडे हलवावी लागली, आणि त्यासाठी वनखात्याची रीतसर परवानगी लागली. कारण २००१ पासून आपल्या देशातली दगडी प्रवाळं आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. एवढ्या मोठ्या महापालिकेला जे परवानगीशिवाय हलवता येत नाही, ते बाजारात पिशवीत बांधून मिळत असेल तर ते कुठून आलं हे विचारायलाच हवं. परदेशातून आलेलं असेल तर कागद असायला हवेत. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही सायटिस कराराखाली येतो. कागद नसतील तर घेऊ नका. फक्त मासे, दगड आणि शेवाळ असलेली टाकीही सुंदर दिसते, आणि रात्री झोपही लागते.

कायद्याने मिळालेलं प्रवाळ लावलंच, तर तेही शेजार पाहून लावा. प्रवाळ दिसायला फुलासारखं असलं तरी ते प्राणी आहे. काही जातींची रात्री लांब सुटणारी सोंडं बाजूच्या प्रवाळाला डसतात आणि सकाळी तो भाग पांढरा पडलेला दिसतो. मध्ये वीतभर अंतर लागतं.

विद्यार्थ्याला मी शेवटी जी यादी दिली ती अशी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशा टाकीत हिशेबाने सुमारे १९० लिटर पाणी मावतं, दगड घातल्यावर त्याहून कमी. नुसत्या पाण्याचं वजन जवळजवळ दोनशे किलो, वर काच, दगड आणि स्टँड. जुन्या लाकडी तुळयांच्या इमारतीत राहणाऱ्यांनी आधी जमिनीचा विचार करावा. अशा टाकीत: क्लाउनची एक जोडी, तळाला एक वॉचमन गोबी, एक फायरफिश, आणि एक कार्डिनल किंवा रॉयल ग्रामा. बस, पाच. गोबीसोबत पिस्तूल कोळंबी मिळाली तर जरूर घ्या. कोळंबीला नीट दिसत नाही, ती बीळ खणते. गोबी दाराशी पहारा देतो. ती त्याच्या अंगाला मिशी लावून उभी असते आणि तो शेपूट हलवून धोका सांगतो. असा शेजारधर्म माणसांतही कमी पाहायला मिळतो. फायरफिश घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळीचं झाकण हवंच.

क्रमही महत्त्वाचा. टाकी भरल्यावर निदान चार ते सहा आठवडे एकही मासा नको. त्या काळात दगडांवर जे जिवाणू वाढतात, ते माशांच्या विष्ठेतून होणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते वाढायच्या आत मासे सोडले तर मासे आपल्याच घाणीच्या विषाने मरतात. नंतर आधी सगळ्यात भित्रे, म्हणजे गोबी आणि फायरफिश. मग कार्डिनल किंवा ग्रामा. क्लाउन शेवटी, कारण घर मांडल्यावर तेही मालकी दाखवतात. दोघांमध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या छोट्या टाकीत चार आठवडे ठेवा. समुद्री माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा आजार होतो. त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण तेच तांबं प्रवाळाला आणि कोळंबीला मारतं. म्हणजे मुख्य टाकीत आजार शिरला की औषध घालता येत नाही. चार आठवडे थांबणं जड जातं, मुलं रोज विचारतात. सब्र हा शब्द शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला वर्गात सापडलेलं नाही.

मुंबईचे दोन त्रासही मोजा. एक, उकाडा. या माशांना पंचवीस-सव्वीस अंश पाणी लागतं. मे महिन्यात बंद खोलीतलं पाणी सहज तिशी ओलांडतं. पंखा, नाहीतर चिलर, आणि त्याचं वीजबिल धरूनच हिशेब करा. दोन, वीज. मुंबईत वीज जात नाही असं आपण अभिमानाने सांगतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ती गेली, आणि शहरभर गेली. माझा ऑनलाइन वर्ग अर्ध्यात तुटला. पंप बंद पडल्यावर पाण्यातला प्राणवायू कमी होत जातो, आणि माशांची गर्दी जितकी जास्त तितका लवकर. माझ्याकडे तोपर्यंत पाचच मासे होते आणि सेलवर चालणारा एक साधा पंप. सगळे वाचले. अकरा असते तर ही ओळ मला लिहिता आली नसती.

काहीजण म्हणतील, एवढा जिवाला घोर असेल तर टाकी हवीच कशाला? समुद्रातला जीव समुद्रात राहू द्या. या म्हणण्याचा मी आदर करतो, आणि ज्यांना आठवड्याला पाणी बदलायचा कंटाळा आहे त्यांनी तर हेच करावं. पण पूर्ण पटत नाही. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय माझ्यासारख्या कित्येकांची समुद्राशी पहिली ओळख होती. पाण्याखाली कुणी राहतं हे तिथे काचेला नाक लावून कळलं. २०१५ मध्ये ते नव्या रूपात उघडलं तेव्हा मी वर्ग घेऊन गेलो होतो. कोरोनाच्या काळात ते बंद झालं, आणि आज मुलांना दाखवायला ते नाही. जे कधी पाहिलंच नाही त्याची काळजी कुणी करत नाही. टाकीत जन्मलेले पाच मासे नीट जगवणारं घर त्या समुद्राची थोडीफार काळजी करायला शिकतं, असा माझा अनुभव आहे. पण नीट जगवणं ही अट मी सोडणार नाही.

उलट बाजूने काहीजण म्हणतात, मासाच तर आहे, मेला तर दुसरा आणू. त्यांना एवढंच सांगतो, की तुमची मुलं तुमच्याकडे बघत असतात. मेलेला मासा संडासात टाकून संध्याकाळी नवा आणला, की मुलांना जो धडा मिळतो तो आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाने पुसता येत नाही.

विद्यार्थ्याने शेवटी ऐकलं. एकच तक्रार राहिली: "सर, मुलीला डोरी हवीच आहे. काय सांगू?" मी म्हटलं, खरं सांग. डोरी मोठी होते, आपल्या घरात तिला फिरायला जागा नाही, म्हणून आपण तिला आणणार नाही. पाच वर्षांच्या मुलीला हे कळतं. आणि ओहोटीची वेळ बघून एका रविवारी तिला हाजी अलीला घेऊन जा. डबक्यात वाकून बघ म्हणावं, पण हात लावू नकोस.

परवा त्याने फोटो पाठवला. टाकीत नुसतं पाणी आणि दगड, एकही मासा नाही. तिसरा आठवडा चालू आहे. खाली लिहिलंय, "सर, मुलगी रोज पाण्याला सलाम करून शाळेत जाते."